सर्व्हर अपडेटनंतर टेप ड्राइव्ह गायब? ड्रायव्हरचा दोष शोधून दुरुस्त करण्याची पद्धत

अपडेट झाले, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, डेटाबेस चालू आहे, वेबसेवा चालू आहेत, कुणाची तक्रार नाही. फक्त रात्रीचा बॅकअप 'डिव्हाइस सापडले नाही' म्हणून पडतो, आणि तेही कुणी लॉग उघडला तरच कळते. टेपचा दोष दिवसा दिसत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटनंतर टेपची तपासणी त्याच दिवशी, त्याच देखभालीच्या वेळेत व्हायला हवी.

'ड्रायव्हर बिघडला' असे म्हणताना बहुतेकदा चारपैकी एक गोष्ट झालेली असते: ड्राइव्ह ज्या कार्डाला जोडलेला असतो त्या कार्डाचा ड्रायव्हर लोड झाला नाही, टेपचा ड्रायव्हर लोड झाला नाही, दोन्ही झाले पण डिव्हाइसचे नाव बदलले, किंवा सगळे जागेवर आहे आणि ब्लॉकच्या (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) मापासारखी एखादी सेटिंग बदलली. चारही वेळा बॅकअप सॉफ्टवेअर जवळजवळ एकच एरर दाखवते. म्हणून तपास तळापासून वर न्यायचा आणि एक पातळी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पातळीला हात लावायचा नाही. आधीच ड्रायव्हर काढून नवा टाकला तर मूळ दोषाच्या खुणाच पुसल्या जातात.

उदाहरणे एलटीओ (बॅकअपच्या टेपचा प्रचलित प्रकार) ड्राइव्हची आहेत. लिनक्सवर जास्त भर आहे, विंडोज सर्व्हर नंतर येतो. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सहसा लहान अक्षरांत द्यायच्या.

आधी डेटा वाचवा

सगळ्यात पहिले काम म्हणजे वेळापत्रकातले सगळे टेप जॉब थांबवणे. नुसते 'पॉज' पुरत नाही. बॅकअप सॉफ्टवेअरची सेवाच बंद करा. ती चालू असेल तर ती मधेच ड्राइव्ह धरते आणि तुमच्या चाचण्यांना 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर येते. नेमके कोण धरून बसले आहे ते 'एफयूझर -व्ही /डेव्ह/एनएसटी०' सांगते.

ड्राइव्हमध्ये डेटाची टेप अडकली असेल तर ती बाहेर काढा आणि कडेची सरकपट्टी लॉकच्या बाजूला करा. चाचणीसाठी एक कोरी किंवा टाकाऊ टेप वेगळी ठेवा, तिच्यावर ठळक अक्षरांत 'चाचणी' लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचा धोका. लिनक्सवर एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात. '/डेव्ह/एसटी०' हे नाव वापरले की काम संपून डिव्हाइस बंद होताना टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. '/डेव्ह/एनएसटी०' वापरले तर टेप आहे तिथेच राहते. टेप अर्ध्यावर उभी असताना कुणी सहज '/डेव्ह/एसटी०' वर 'एमटी स्टेटस' (टेपची स्थिती सांगणारी कमांड) चालवले, की टेप सुरुवातीला जाते. त्यानंतरचा जॉब मागचा डेटा पुढे आहे असे धरून लिहू लागला, तर पहिल्या ब्लॉकपासून सगळे पुसले जाते. टेपवर मधेच लिहिले की त्यापुढचा जुना डेटा नेहमीच्या मार्गाने वाचता येत नाही. म्हणून तपासणीत कायम 'एन' असलेले नाव वापरायचे. अपवाद नाही.

जुन्या कर्नलवर एकदा बूट करा

लिनक्सवर सगळ्यात स्वस्त आणि निर्णायक चाचणी हीच. आधी 'यूनेम -आर' ने सध्याचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टिपून घ्या, बूटच्या वेळी येणाऱ्या ग्रबच्या यादीतून अपडेटच्या आधीचा कर्नल निवडा आणि ड्राइव्ह दिसतो का पाहा. दिसला, तर केबल, कार्ड, ड्राइव्ह आणि फर्मवेअर सगळे निर्दोष आहेत आणि दोष नव्या कर्नलच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, आहे. जुन्या कर्नलवरही दिसला नाही, तर अपडेट हा फक्त योगायोग असू शकतो. रीबूटच्या वेळी केबल हलली असेल, लायब्ररी (अनेक टेप आणि त्या बदलणारा रोबॉट असलेले यंत्र) बंद राहिली असेल किंवा अपडेटसोबत कार्डाचे फर्मवेअरही बदलले असेल.

रेड हॅट घराण्यात डीएनएफ (पॅकेज बसवणारे साधन) सहसा तीन कर्नल ठेवते. ही मर्यादा 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट' या सेटिंगमध्ये असते. तपास चालू असताना आणखी अपडेट करत राहिलात तर चालणारा जुना कर्नल यादीतून गळून पडेल, हे लक्षात ठेवा.

लायब्ररी आणि सर्व्हर दोन्हींची वीज गेली असेल तर सुरू करण्याचा क्रम पाळा: आधी लायब्ररी, ती स्वतःची तपासणी संपवून 'रेडी' झाली की मग सर्व्हर. मोठ्या लायब्ररीला सगळे खण मोजायला बरीच मिनिटे लागतात. सर्व्हरने त्याआधीच बस (कार्ड आणि ड्राइव्ह यांना जोडणारा मार्ग) तपासली तर त्याला काही दिसत नाही आणि दोष अपडेटच्या माथी बसतो.

कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर

'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि एसएएस किंवा फायबर चॅनल (टेप जोडण्याचे दोन प्रकार) कार्डाची ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असलीच पाहिजे. एसएएस कार्डासाठी तिथे सहसा 'एमपीटी३एसएएस' दिसते, क्यूलॉजिकच्या फायबर कार्डासाठी 'क्यूएलए२एक्सएक्सएक्स', एम्युलेक्ससाठी 'एलपीएफसी'.

कार्ड दिसते पण ती ओळच नाही, तर कर्नलने त्या कार्डाचा आधार सोडलेला असू शकतो. याचे ठळक उदाहरण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चे आहे. त्या आवृत्तीत एमपीटी३एसएएस ड्रायव्हर आहे, पण एसएएस२००८ चिपचा ओळख क्रमांक त्यातून काढून टाकला आहे. एलएसआय ९२००-८ई हे टेपसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले कार्ड याच चिपवर चालते. आवृत्ती ७ वर बिनतक्रार चाललेला सर्व्हर ८ वर नेला की कार्ड यादीत दिसते, मॉड्यूल हाताने लोड केले तरी एरर येत नाही, आणि ड्राइव्ह मात्र कुठेच नाही. खात्री करायची असेल तर एलएसपीसीआयच्या ओळीत १०००:००७२ हा क्रमांक आहे का पाहा, आणि मग 'मॉडइन्फो एमपीटी३एसएएस' च्या यादीत ००७२ ने संपणारा क्रमांक शोधा. कार्डाकडे आहे आणि ड्रायव्हरकडे नाही, म्हणजे निदान झाले.

यावर मार्ग तीन आहेत. ईएलरेपो या बाहेरच्या पॅकेज संग्रहातले 'केमॉड-एमपीटी३एसएएस' पॅकेज काढलेला आधार परत आणते. तातडीच्या वेळी ते कामी येते, पण प्रत्येक उपआवृत्तीच्या वेळी ते जुळते का हे पाहावे लागते. रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्सने ९.४ पासून एमपीटी३एसएएसमधले असे काढलेले क्रमांक पुन्हा घातले आहेत. तिसरा मार्ग नवे १२ गिगाबिट कार्ड घेण्याचा, आणि रोजच्या खऱ्या कामाच्या सर्व्हरसाठी आमचा कल याच मार्गाकडे आहे. बॅकअप ज्या कार्डावर उभा आहे, त्याचा आधार दर अपडेटला तपासत बसण्यात अर्थ नाही. नवे कार्ड घेताना केबलही तपासून मागवा: जुन्या कार्डांना एसएफएफ-८०८८ जोड असतो, नव्यांना एसएफएफ-८६४४.

कार्ड रेड मोडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीत) असेल तर टेप ड्राइव्ह त्याच्यामागे दिसेलच याची हमी नसते. टेपसाठी साधे, रेड नसलेले कार्ड स्वतंत्र ठेवावे. फर्मवेअर अपडेटने कार्डाचा मोड बदललेला नाही ना, हे बूटच्या वेळी कार्डाच्या स्वतःच्या स्क्रीनवर पाहता येते.

फायबर चॅनलवर आणखी एक पायरी आहे. '/सिस/क्लास/एफसी_होस्ट' खाली प्रत्येक होस्टच्या 'पोर्ट_स्टेट' फाइलमध्ये 'ऑनलाइन' लिहिलेले असायला हवे. 'लिंकडाउन' असेल तर टेपच्या ड्रायव्हरकडे वळूच नका. केबल, स्विच आणि झोनिंग (कोणाला कोण दिसावे याची स्विचवरची मांडणी) बघा.

आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हच्या तोंडावर एक अक्षर दाखवणारा छोटा डिस्प्ले असतो. तिथे ८ दिसत असेल तर ड्राइव्ह इंटरफेसची, म्हणजे एसएएस किंवा फायबर जोडणीची तक्रार करतो आहे. ६ म्हणजे ड्राइव्ह किंवा टेप, ७ म्हणजे टेप, सी म्हणजे सफाई हवी. हा आकडा सर्व्हरच्या लॉगइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तो ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नाही.

टेपचा ड्रायव्हर लोड झाला का

आता 'एलएसएससीएसआय -जी'. निरोगी सर्व्हरवर ड्राइव्हची ओळ साधारण अशी असते: [६:०:०:०] टेप, आयबीएम, अल्ट्रियम-एचएच८, /डेव्ह/एसटी०, /डेव्ह/एसजी३. ऑटोलोडर (टेप आपोआप बदलणारे छोटे यंत्र) असेल तर तिच्याखाली [६:०:०:१] मीडियमएक्स अशी दुसरी ओळ येते, तो रोबॉट.

ओळ आहे पण /डेव्ह/एसटी० च्या जागी नुसती आडवी रेघ आहे, तर ड्राइव्ह बसवर पोहोचला आहे, फक्त त्याला कोणत्याही टेप ड्रायव्हरने ताब्यात घेतलेले नाही. 'मॉडप्रोब एसटी' चालवा आणि 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग) पाहा. 'अटॅच्ड एससीएसआय टेप एसटी०' आणि त्यापाठोपाठ 'ट्राय डायरेक्ट आय/ओ: येस' अशा ओळी आल्या की काम झाले. मॉड्यूल सापडतच नसेल तर क्लाउडसाठी कापलेला, लहान कर्नल अपडेटमध्ये आला आहे का पाहा. अशा कर्नलमध्ये टेपसारखे ड्रायव्हर अनेकदा नसतात. नेहमीचा पूर्ण कर्नल बसवा.

ओळच नाही पण कार्डाचा ड्रायव्हर ठीक आहे, तर बस पुन्हा तपासायला लावा: '/सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट६/स्कॅन' या फाइलमध्ये तीन रेघा, मधे जागा सोडून, इको करा. होस्टचा क्रमांक तुमच्या कार्डाचा घ्या.

ड्राइव्ह दिसतो, रोबॉट दिसत नाही ही तक्रार वेगळी आहे. ऑटोलोडर आणि छोट्या लायब्ररींत रोबॉट हा ड्राइव्हच्याच पत्त्यावर लन (एकाच पत्त्याखालचा उपक्रमांक) १ म्हणून बसतो. सर्व्हरने फक्त लन ० तपासला, किंवा लायब्ररीच्या मेनूमध्ये नियंत्रण मार्ग दुसऱ्या ड्राइव्हकडे गेला, की रोबॉट गायब. आधी लायब्ररीच्या वेब पानावर नियंत्रण मार्ग कोणत्या ड्राइव्हवर आहे ते बघा, मग सर्व्हरवर वेळ घाला.

आयबीएमचा लिन_टेप: दर कर्नलला नव्याने बांधणे

एचपीई आणि क्वांटमचे ड्राइव्ह लिनक्सवर कर्नलमधल्याच 'एसटी' ड्रायव्हरवर चालतात. आयबीएमच्या ड्राइव्हसाठी, विशेषतः आयबीएमच्या स्वतःच्या बॅकअप उत्पादनांसोबत, 'लिन_टेप' हा वेगळा ड्रायव्हर वापरतात. त्याची डिव्हाइस नावेही वेगळी ('आयबीएम' ही अक्षरे मात्र मोठी): '/डेव्ह/आयबीएमटेप०', न गुंडाळणारे '/डेव्ह/आयबीएमटेप०एन' आणि रोबॉटसाठी '/डेव्ह/आयबीएमचेंजर०'. अपडेटनंतर सर्वांत जास्त तुटते ते इथेच, कारण हे मॉड्यूल एका विशिष्ट कर्नलसाठी बांधलेले असते.

'मॉडप्रोब लिन_टेप' ला काय उत्तर येते त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

'मॉड्यूल नॉट फाउंड' आले तर नव्या कर्नलसाठी ते बांधलेलेच नाही. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' आले, किंवा डीमेसेजमध्ये 'डिसअग्रीज अबाउट व्हर्शन ऑफ सिम्बॉल' दिसले, तर जुन्या कर्नलचे मॉड्यूल नव्यावर चढवण्याचा प्रयत्न होतो आहे. दोन्हींवर उपाय एकच. चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारे 'कर्नल-डेव्हेल', सोबत 'जीसीसी' आणि 'आरपीएम-बिल्ड' बसवा. आयबीएम फिक्स सेंट्रलवरून लिन_टेपचे सोर्स पॅकेज घ्या. 'आरपीएमबिल्ड --रीबिल्ड' ने बांधा. तयार झालेले पॅकेज बसवा. कर्नल-डेव्हेलचा आकडा यूनेमच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा. अपडेट झाले पण रीबूट झालेच नाही, अशा सर्व्हरवर हीच गफलत होते: हेडर नव्या कर्नलचे, चालू कर्नल जुना.

बांधतानाच कंपायलर एरर देत असेल तर हाती असलेली लिन_टेपची आवृत्ती त्या कर्नलला अजून ओळखत नाही. पॅकेजसोबतच्या रीडमीमध्ये चालणाऱ्या वितरणांची यादी असते. तिच्यात तुमचा कर्नल नसेल तर सोर्समध्ये हात घालू नका. जुन्या कर्नलवर परत जा आणि नवी आवृत्ती येईपर्यंत तिथेच राहा.

'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' किंवा 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आले तर सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड रोखणारी व्यवस्था) आड आले आहे. 'मॉकयूटिल --एसबी-स्टेट' ने खात्री करा. मग स्वतःची किल्ली ओपनएसएसएलने बनवा, कर्नल सोर्सच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधल्या 'साइन-फाइल' ने मॉड्यूलवर सही करा, 'मॉकयूटिल --इम्पोर्ट' ने किल्लीची नोंदणी मागा आणि तेव्हा दिलेला पासवर्ड लिहून ठेवा. रीबूटनंतर एक निळा पडदा येतो आणि कळ दाबण्यासाठी दहाच सेकंद थांबतो. हुकला तर सर्व्हर किल्ली न घेता पुढे जातो आणि नोंदणी पुन्हा मागावी लागते. म्हणून हे काम एसएसएचवरून उरकत नाही. आयड्रॅक, आयएलओ (सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणाऱ्या सोयी) किंवा प्रत्यक्ष मॉनिटर समोर हवा. मॉड्यूल पुन्हा बांधले की सही पुन्हा करावी लागते, किल्लीची नोंदणी मात्र एकदाच.

चौथी शक्यता अशी की लिन_टेप बिनतक्रार लोड होते, पण /डेव्ह/आयबीएमटेप० तयारच होत नाही. मग 'एसटी' ने ड्राइव्ह आधीच धरलेला असतो. एका ड्राइव्हचा ताबा एकाच ड्रायव्हरकडे राहतो. जो आधी पोहोचला त्याचा. 'मॉडप्रोब -आर एसटी' करून मग लिन_टेप लोड करा. कायमच्या व्यवस्थेसाठी '/इटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये एसटीला ब्लॅकलिस्ट करा आणि 'ड्रॅकट -एफ' चालवा. ड्रॅकट विसरला तर बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या इनिटरॅमएफएस या फाइलसंचात जुनीच यादी राहते आणि पुढच्या रीबूटला दोष परत येतो. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या कंपनीचाही ड्राइव्ह असेल तर एसटी ब्लॅकलिस्ट करता येत नाही. तेव्हा फक्त आयबीएम ड्राइव्हचा पत्ता '/सिस/बस/एससीएसआय/ड्रायव्हर्स/एसटी/अनबाइंड' मध्ये लिहून तेवढाच मोकळा करा.

नावे बदलली की घोळ

दोन किंवा जास्त ड्राइव्ह असलेल्या लायब्ररीत अपडेटनंतर कालचा एसटी० आज एसटी१ होऊ शकतो. कर्नल क्रमांक शोधाच्या क्रमाने देतो, आणि नव्या ड्रायव्हरने पोर्ट वेगळ्या क्रमाने तपासले की क्रम उलटतो. लक्षण ठरलेले: रोबॉट टेप पहिल्या ड्राइव्हमध्ये घालतो, सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हपाशी वाट पाहते, आणि काही मिनिटांनी 'माउंट टाइमआउट' येतो. ड्रायव्हर पूर्ण ठीक असतो.

पडताळणी हाताने करता येते. 'एमटीएक्स -एफ /डेव्ह/एसजी४ स्टेटस' ने (एसजी४ च्या जागी तुमच्या रोबॉटचे नाव) खण पाहा, 'एमटीएक्स -एफ /डेव्ह/एसजी४ लोड १ ०' ने पहिल्या खणातली चाचणी टेप पहिल्या ड्राइव्हमध्ये घाला, आणि दोन्ही एनएसटी नावांवर 'एमटी स्टेटस' बघा. जिथे 'ऑनलाइन' आणि 'बीओटी' (टेपची सुरुवात) दिसते तो खरा पहिला ड्राइव्ह. रिकाम्यावर 'डीआर_ओपन' येते.

कायमचा इलाज म्हणजे क्रमांकाची नावे सोडून '/डेव्ह/टेप/बाय-आयडी' खालची नावे वापरणे. ती ड्राइव्हच्या सीरियल नंबरवर बेतलेली असतात आणि शोधाचा क्रम बदलला तरी हलत नाहीत. तिथेही '-एनएसटी' ने संपणारे नाव निवडा. बॅक्युलासारख्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये हा बदल एकदाच करायचा असतो, आणि तो अपडेटच्या आधी केलेला बरा.

विंडोज सर्व्हरवर

विंडोजवरही क्रम तोच: आधी कार्ड, मग टेप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'टेप ड्राइव्हज' आणि 'मीडियम चेंजर डिव्हाइसेस' हे दोन गट उघडा. पॉवरशेलवर 'गेट-पीएनपीडिव्हाइस -क्लास टेपड्राइव्ह' तेच सांगते. पिवळा त्रिकोण असेल तर गुणधर्मांतला कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण डिव्हाइस सुरू होत नाही. इथे केबल आणि कार्डाचा ड्रायव्हर दोन्ही बघा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही. ४५ म्हणजे डिव्हाइस सध्या जोडलेले नाही, नुसती जुनी नोंद उरली आहे.

रोबॉटपुढे 'अननोन मीडियम चेंजर' दिसले म्हणून लगेच घाबरू नका. बरीच बॅकअप सॉफ्टवेअर रोबॉटशी स्वतःच बोलतात आणि त्यांना हेच नाव चालते. सॉफ्टवेअरच्या कागदपत्रात काय अपेक्षित आहे ते पाहूनच त्यावर ड्रायव्हर चढवा.

५२ चा कोड जुना ड्रायव्हर नव्याने बसवलेल्या सर्व्हरवर टाकला की येतो. विंडोजच्या सहीच्या नियमांत, आधीच्या आवृत्तीवरून वर आलेल्या मशीनला काही सवलती होत्या, सिक्युअर बूट चालू असलेल्या कोऱ्या मशीनला त्या नाहीत. त्यामुळे तीच फाइल एका सर्व्हरवर चालते आणि शेजारच्यावर नाही. सहीची तपासणी बंद करण्याचा आडमार्ग घेऊ नका. उत्पादकाची नवी आवृत्ती घ्या.

आयबीएमचा विंडोज ड्रायव्हर दोन इन्स्टॉलरसह येतो: 'इन्स्टॉल_एक्सक्लुझिव्ह' आणि 'इन्स्टॉल_नॉनएक्सक्लुझिव्ह'. आयबीएमच्या बॅकअप सॉफ्टवेअरसाठी पहिला, वीमसारख्या इतरांसाठी दुसरा. घाईत चुकीचा बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळे हिरवेगार, आणि सॉफ्टवेअरला मात्र ड्राइव्ह उघडता येत नाही. बदलताना बॅकअपच्या सेवा बंद करा, आधीचा ड्रायव्हर काढा, रीबूट करा, मग योग्य तो बसवा.

अपडेटने ड्रायव्हर बदलला का, हे 'सी:\विंडोज\आयएनएफ' मधल्या 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग' मध्ये तारखेसह सापडते. बदलला असेल तर ड्रायव्हर टॅबवरचे 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी वापरा. ते बटण फिके असेल तर उत्पादकाची आयएनएफ फाइल 'पीएनपीयूटिल /अ‍ॅड-ड्रायव्हर' आणि '/इन्स्टॉल' ने चढवा. अनेकदा बदललेला असतो तो कार्डाचा ड्रायव्हर, टेपचा नव्हे. सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट १२९ म्हणजे डिव्हाइसला रीसेट पाठवला गेला आणि ११ म्हणजे कंट्रोलरची एरर. या दोन्हींची रांग लागली असेल तर टेपचा ड्रायव्हर पुन्हापुन्हा बसवून उपयोग नाही.

ड्रायव्हर ठीक, तरी एरर

*ब्लॉकचे माप.* नव्या कार्ड ड्रायव्हरने एका वेळी जाणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा घटवली, तर पूर्वी मोठ्या ब्लॉकने लिहिलेल्या टेप वाचता येत नाहीत, आणि नवे बॅकअप मात्र बिनघोर चालतात. म्हणून हे उशिरा, नेमके रिस्टोअरच्या वेळी कळते. लिनक्सवर डीमेसेजमध्ये 'फेल्ड टू रीड' अशी ओळ येते आणि तिच्यातच टेपवरच्या ब्लॉकचा आकडा बाइटमध्ये दिलेला असतो. प्रोग्रामला 'कॅनॉट अलोकेट मेमरी' मिळते. सर्व्हरची मेमरी कमी आहे असा याचा अर्थ नाही. तो आकडा टारच्या '-बी' पर्यायाला ५१२ ने भागून द्या किंवा डीडीच्या 'बीएस' ला जसाच्या तसा द्या. 'एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०' ने ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकवर असल्याची खात्रीही करून घ्या.

*रीसेटनंतरची आय/ओ एरर.* बसवर रीसेट झाला की टेप कुठे उभी आहे हे एसटी ड्रायव्हरला खात्रीने माहीत नसते. चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा तो वाचणे-लिहिणे नाकारतो. टेप गुंडाळून घ्या, काम सुरळीत होते. पण हे वारंवार होत असेल तर रीसेट कोण पाठवतो ते शोधा. फायबर नेटवर्कवर तो दुसराच सर्व्हर असू शकतो.

*एलटीओ-९ ची पहिली खेप.* कोरी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचे मोजमाप करतो. याला साधारण ४० मिनिटे आणि कधी दोन तासांपर्यंत लागतात. एसटीचा लांब टाइमआउट १४,००० सेकंदांचा असल्याने कर्नल धीर धरतो, पण बॅकअप सॉफ्टवेअर आधीच हार मानते. नेमकी अपडेटनंतरच नवी खेप वापरात आली तर दोष ड्रायव्हरचा वाटतो. टेप बाहेर ओढू नका, मोजमाप पुरे होऊ द्या.

*पिढ्यांचा मेळ.* एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचे वाचत. एलटीओ-८ फक्त ८ आणि ७ हाताळतो. एलटीओ-६ ची टेप तो वाचणार नाही, ड्रायव्हर कोणताही असो. अपडेटसोबत हार्डवेअरही बदलले असेल तर हे आधी तपासा.

*घनतेचा अनोळखी कोड.* जुन्या एमटीला ०एक्स५ई म्हणजे एलटीओ-८ किंवा ०एक्स६० म्हणजे एलटीओ-९ हे कळत नाही आणि ते 'नो ट्रान्सलेशन' म्हणते. हा दोष नाही.

*परवानगी.* रूट म्हणून चालते, बॅकअपच्या वापरकर्त्याला चालत नाही, तर तो 'टेप' गटात आहे का पाहा. एसजी नावांवरही हाच गट हवा, नाहीतर ड्राइव्ह चालेल आणि रोबॉट अडेल.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवायचे

ड्राइव्ह यादीत दिसला एवढ्यावर जॉब सुरू करू नका. चाचणी टेप घाला आणि १० गिगाबाइटची फाइल '/डेव्ह/यूरँडम' मधून बनवा: डीडी, बीएस १एम, काउंट १०२४०. शून्यांची फाइल चालणार नाही. ड्राइव्ह ती आवळून टाकतो आणि खरा मार्ग तपासलाच जात नाही. फाइलचा 'एसएचए२५६सम' टिपा. टेप गुंडाळा, फाइल बीएस २५६के ने /डेव्ह/एनएसटी० वर लिहा, पुन्हा गुंडाळा, त्याच मापाने वाचून थेट एसएचए२५६समला द्या. दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. वेगही पाहा: अर्ध्या उंचीचा एलटीओ-८ सेकंदाला ३०० मेगाबाइट, पूर्ण उंचीचा ३६० पर्यंत जातो. डिस्क पुरेशी वेगवान असूनही तुम्हाला ३० मिळत असतील तर कार्डाचा ड्रायव्हर किंवा केबल अजून बरी नाही.

नंतर 'एसजी_लॉग्ज --पेज=०एक्स२ई' ने टेपअलर्टचे झेंडे (ड्राइव्हने नोंदवलेले इशारे) वाचा; सगळे शून्य हवेत. मग अपडेटच्या आधी लिहिलेली एक जुनी टेप, लॉक करून, घाला आणि बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच एक फाइल परत आणा. ब्लॉकच्या मापाचा दोष याच पायरीवर पकडला जातो. शेवटी सर्व्हर एकदा रीबूट करून हे सगळे पुन्हा दिसते का पाहा, कारण हाताने लोड केलेले मॉड्यूल रीबूटनंतर आपोआप येईलच असे नाही.

पुढच्या अपडेटआधी

एलएसएससीएसआय, एलएसपीसीआय -एनएनके, यूनेम, मॉडइन्फो आणि एमटी स्टेटस यांचे आउटपुट एका फाइलमध्ये साठवा, सोबत ड्राइव्ह आणि कार्डाच्या फर्मवेअरचे आकडे. अपडेटनंतर तीच फाइल पुन्हा बनवून 'डिफ' काढले की काय बदलले ते मिनिटात समोर येते. लिन_टेप वापरत असाल तर रीडमीत नवा कर्नल येईपर्यंत 'डीएनएफ व्हर्शनलॉक' ने, किंवा डेबियन-उबुंटूवर 'एपीटी-मार्क होल्ड' ने कर्नल रोखून ठेवा. रोखण्याची तारीख आणि कारणही त्याच फाइलमध्ये लिहा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वर्षभर अडकून राहणार नाहीत. विक्रेत्याकडे तक्रार नोंदवायची वेळ आली तर पहिल्या फोनवर हीच फाइल मागितली जाते, आणि सोबत ड्राइव्हचा स्वतःचा डंप (त्याच्या अंतर्गत नोंदींची फाइल): आयबीएमसाठी तो आयटीडीटीने निघतो, एचपीईसाठी लायब्ररी अँड टेप टूल्सने. डंप ड्राइव्हची वीज बंद करण्याआधी काढा.